खडीकरण झाले, डांबरीकरण बाकी

रस्ता वाईट आहे असं ऐकून ज्याचा चेहरा खुलतो, असा एक नवा माणूस हल्ली बेळगावात दिसू लागला आहे. पूर्वी हा आनंद फक्त पंक्चरवाल्याला आणि हाडाच्या डॉक्टरला व्हायचा, पण त्यामागं धंद्याचं कारण तरी होतं. हा माणूस पदरचे पैसे घालून, रविवारची झोप मोडून, अंगाला घट्ट चिकटलेले कपडे घालून पहाटे टिळकवाडीत पहिल्या रेल्वे गेटापाशी उभा राहतो आणि जांबोटीकडून आलेल्या दूधवाल्याला विचारतो, "आतला रस्ता कसा आहे वो?" दूधवाला त्या रस्त्याला मनापासून एक शिवी देतो आणि ह्याचा जीव भांड्यात पडतो.

या माणसाकडं ग्रॅव्हल सायकल असते. तिचं हँडल शर्यतीच्या सायकलीसारखं खाली वळलेलं, टायर मात्र जाड आणि दातेरी. डांबरावर पळायचं आणि डांबर संपलं तरी थांबायचं नाही, अशी ही दुहेरी व्यवस्था. या खेळाचं पंढरपूर अमेरिकेत कॅन्सस राज्यात आहे. एम्पोरिया नावाच्या गावी २००६ पासून दरवर्षी लोक दोनशे मैल खडीवरून सायकल हाणतात, आणि त्या खडीत गारगोटीचे असे धारदार तुकडे असतात की टायर फाटणं हाच तिथला नैवेद्य. २०२२ साली इटलीत या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही झाली. म्हणजे खराब रस्त्यावरून सायकल चालवणं हे आता जगज्जेतेपदाचं काम आहे. खानापूर तालुक्यातल्या पोस्टमनला हे कुणीतरी कळवायला हवं. निवृत्त होण्याआधी निदान एक पदक तरी.

आपल्याकडं ग्रामीण रस्ता दोन हप्त्यांत होतो. आधी खडीकरण, मग डांबरीकरण. खडीकरण म्हणजे तळाला मोठी खडी पसरायची, वर मुरूम टाकायचा, पाणी मारायचं आणि रोलर फिरवायचा. ठेकेदार मंडळी याला 'डब्ल्यूबीएम' म्हणतात, आणि त्यातला शेवटचा 'एम' हा जॉन मॅकॅडम नावाचा स्कॉटिश गृहस्थ आहे. दोनशे वर्षांपूर्वी त्यानं दाखवून दिलं की मोठमोठे धोंडे रचण्यापेक्षा बारीक फोडलेली खडी दाबून बसवली तर गाड्यांच्या चाकांनीच ती आणखी घट्ट होते. खडी किती बारीक हवी? तोंडात मावेल एवढी, असा त्यानं मजुरांना ठोकताळा दिल्याची आख्यायिका आहे. पुढं एका ठिकाणी भलतीच मोठी खडी दिसली म्हणून साहेब तापले, तर खडी फोडणाऱ्या म्हाताऱ्यानं तोंड उघडून दाखवलं. आत एकही दात नव्हता. मोजमापाच्या अटीतून वाट काढणारा हा पहिला माणूस म्हणायला हरकत नाही. त्याचे वंशज पुढं जगभर पसरले.

आता खडीकरण आणि डांबरीकरण यांच्या मध्ये एक पावसाळा, एक निवडणूक आणि एक थकलेलं बिल एवढं अंतर असतं. त्या अंतरात आमचा अख्खा खेळ वसला आहे. शिवाय एक योगायोग असा, की ठेकेदाराच्या टिपरमधून जी खडी पडते ती 'चाळीस एमएम'ची, आणि ग्रॅव्हल सायकलच्या टायरची रुंदीही साधारण चाळीस एमएम. परदेशातल्या इंजिनिअरांनी डोकं लढवून जो आकडा काढला तो आमच्याकडं आधीच रस्त्याकडेला ढीग करून ठेवलेला होता. पसरायचा तेवढा राहिला होता.

बेळगावहून जांबोटी तीसेक किलोमीटर. पिरनवाडी, किणये, मग कुसमळीला मलप्रभेवरचा पूल, आणि पुढं जांबोटी. हाच रस्ता सरळ कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरून गोव्याला जातो, त्यामुळं त्यावर शनिवारी संध्याकाळी उत्साहात जाणाऱ्या आणि रविवारी संध्याकाळी मौनात परतणाऱ्या मोटारींची ये-जा असते. खड्ड्यांसाठी या रस्त्याची कीर्ती अशी, की ग्रॅव्हलसाठी मुख्य रस्ता सोडायची गरजच काही वर्षं पडली नाही. किणये मागं पडलं की जमीन लाटा घेऊ लागते. चढ संपला म्हणून मान वर करावी तर पुढं उतार, उतारावर जरा पाय थांबवावेत तर खाली ओढा आणि समोर पुन्हा चढ. कडेला भाताची खाचरं, काजू, बांबूची बेटं आणि जांभ्या दगडाची ती लाल माती, जी कपड्यांना एकदा लागली की घरातल्या माणसांचे आपल्याबद्दलचे विचार कायमचे बदलतात.

फिरंगी सायकलवाले आपल्या अॅपमध्ये रस्त्यांची प्रतवारी करतात: डांबरी, खडीचा, मातीचा. एवढ्यावर त्यांचं भागतं. आमच्याकडं ही वर्गवारी फार तोकडी पडते. खडी पडली आहे पण पसरलेली नाही, हा एक स्वतंत्र प्रकार. खडी पसरली होती पण ओढ्यानं गोळा करून पुन्हा एका बाजूला ढीग घातला आहे, हा दुसरा. सुगीत निम्म्या रस्त्यावर नाचणा वाळत घातलेला असतो आणि त्याच्या चारी बाजूंनी दगड मांडून राखण केलेली असते. तिथं रस्ता कुणाचा, हा प्रश्न सायकलवाल्यानं मनातसुद्धा आणायचा नसतो. आणि एक प्रकार म्हणजे निवडणुकीपूर्वी नारळ फोडलेला रस्ता. त्यावर फक्त नारळाच्या करवंट्या असतात.

जांबोटीच्या स्टँडजवळ चहाला थांबलं की परीक्षा सुरू होते. सायकल भिंतीला टेकवायची, कारण तिला स्टँड नसतो, आणि तिथंच पहिली ठिणगी पडते.

"ष्टँड कुठं गेला वो हिचा?"

विचारणारे आबा बाकावर बसलेले. त्यांची स्वतःची काळी अॅटलस समोर सरळ ताठ उभी, दोन्ही बाजूंना दुधाचे रिकामे कॅन. या अॅटलस कंपनीनं साहिबाबादचा आपला मोठा कारखाना बंद केला तो दिवस ३ जून २०२०, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिन. आबांच्या सायकलीला ही बातमी कळलेली दिसली नाही.

"नसतो आबा. वजन वाढतं."

"क्यारेज?"

"नाही."

"मडगार्ड?"

"नाही."

"लाइट, डायनमो?"

"नाही."

"केवढ्याला बसली?"

आकडा सांगू नये असं प्रत्येक वेळी ठरवलेलं असतं. पण खोटं बोलायला पहाटेपासून सायकल मारलेल्या माणसाकडं ताकद उरत नाही. "दीड लाख."

बाकावर शांतता पसरली. चहावाल्यानं गाळणी हातातच धरली. आबा उठले, सायकलीभोवती एक प्रदक्षिणा घालून आले आणि वाकून चेनजवळ बघू लागले. "मोटार कुठं बसवल्यात?"

"मोटार नाही आबा. पायानंच मारायची."

"दीड लाख देऊन पायडल तुमीच मारायचं?"

"होय."

"म्हंजे ष्टँड काढला, क्यारेज काढलं, मडगार्ड काढलं, तवा दीड लाख." आबांनी हिशेब मांडला. "आणि घालून दिलं असतं तर किती घेतलं असतं वो?"

या प्रश्नाला कॅन्ससपासून इटलीपर्यंत कुणाकडं उत्तर नाही. शेजारच्या एकानं दीड लाखात चांगल्या दोन म्हशी येतात अशी माहिती दिली. दुसऱ्यानं त्यात दुरुस्ती केली, की चांगली एकच येते पण ती निदान दूध देते. मी चहाचे पैसे देऊन निघालो. मागून आबांचा आवाज आला, "सावकाश जावा. मडगार्ड न्हाई, पाठीवर चिकल उडंल." उडाला.

जांबोटीतून आत वळलं की खरा माल सुरू होतो. चापोली, गवाळी, आमगाव या नावांची पाटी कधी असते, कधी नसते. असली तर ती कन्नडमध्ये, समोरचा माणूस सांगतो ते मराठीत, आणि हँडलवरच्या यंत्रातली बाई बोलते इंग्रजीत. तिघांचंही एकमत झालं तर समजावं की आपण चुकलोय. गवाळी आणि चापोलीच्या मध्ये म्हादई नदीवर वज्रपोहा धबधबा आहे. तिकडं जायला वनखात्याची परवानगी लागते, आणि ती लागते हे बरंच आहे. २०११ साली भीमगड अभयारण्य जाहीर झालं तेव्हापासून हा सगळा पट्टा अस्वलं, गवे आणि वटवाघळं यांच्या नावावर आहे. इथल्या बारापेडे गुहांतलं रॉटनचं वटवाघूळ हे जगातल्या दुर्मिळांतलं दुर्मिळ, त्याचं दर्शन आपल्याला होण्याची भीती नाही. अस्वलाचं तसं नाही. अस्वलाला गिअर लागत नाहीत आणि चढ-उतार त्याला सारखाच. या एका गोष्टीमुळं आमच्या गटातले रामप्रहरी निघण्याचे कट्टर पुरस्कर्ते इथं मात्र सूर्य चांगला वर येईपर्यंत चहाच पीत बसतात.

अशाच एका लाल वाटेवर एक आज्जी डोक्यावर गवताचा भारा घेऊन येत होत्या. भारा न उतरवता त्यांनी चौकशी केली.

"कुठनं आलासा?"

"बेळगावहून."

"कुणाकडं?"

"कुणाकडं नाही आज्जी. सहजच. रस्ता चांगला आहे म्हणून."

आज्जींनी आधी माझ्याकडं बघितलं, मग रस्त्याकडं, मग परत माझ्याकडं. मधे ओघळी, दोन्हीकडं निसटलेले धोंडे, वळणावर अर्धी वाहून गेलेली मोरी.

"ह्यो चांगला?" त्या म्हणाल्या. "मग उचलून न्या की तुमच्यात. आनि तुमचा हितं आनून टाका."

सौदा अगदी रोकडा होता. पावसाळ्यात या जंगलातल्या काही गावांतून आजारी माणसाला खाटेवर घालून, खांद्यावरून चालत मोटार मिळेपर्यंत आणावं लागतं. आमच्या अॅपमध्ये ज्या रेघेवर 'निवांत, वाहनं नाहीत, अप्रतिम' असा शेरा आहे, तीच रेघ तालुक्याच्या कचेरीत निवेदनांच्या फायलीत आहे, आणि तिथला शेरा निराळा आहे. खराब रस्ता आवडायला परतीचा चांगला रस्ता आणि घरी गरम पाणी लागतं. हे आज्जींनी भारा डोक्यावर असतानाच ओळखलं. आम्हाला त्यासाठी मासिकात लेख लिहावा लागतो.

रस्त्यांबद्दल एवढं पुरे. आता कालव्यांबद्दल. परदेशातल्या ग्रॅव्हलवाल्यांची चैन म्हणजे जुन्या कालव्याकाठची वाट. फ्रान्सात कानाल द्यु मिदी नावाचा दोनशे चाळीस किलोमीटरचा कालवा आहे. मिठावरचा कर गोळा करणाऱ्या पिएर-पॉल रिके नावाच्या माणसानं तो खोदायला घेतला आणि सुमारे पंधरा वर्षांत, १६८१ साली, तो खुला झाला. रिके त्याच्या काही महिने आधी वारला. म्हणजे उद्घाटनाची फीत कापायला दुसरेच होते, ही प्रथा जुनी आहे. तो कालवा नावांसाठी होता. काठावरून घोडे दोर लावून नावा ओढायचे, आणि घोड्यांसाठी केलेल्या त्या सपाट वाटेवरून आता सायकली जातात. त्यातली कमाल म्हणजे रिकेनं डोंगरातलं पाणी आणून बरोबर पाणलोटाच्या माथ्यावर सोडलं. तिथून एका बाजूचं पाणी अटलांटिककडं, दुसऱ्या बाजूचं भूमध्य समुद्राकडं.

असा माथा आमच्याकडंही आहे, आणि कालवाही आहे. जांबोटीच्या पुढं कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेकडं वळून तीनशे किलोमीटर जाऊन कूडलसंगमला कृष्णेत मिळते, म्हणजे तिचं पाणी बंगालच्या उपसागरात. जवळच उगवलेला कळसा नाला मात्र म्हादईला मिळतो, आणि म्हादई जाते अरबी समुद्राला. एकाच पावसाचे दोन थेंब शेजारी शेजारी पडून देशाच्या दोन टोकांना पोचतात. सायकलवरून हा माथा डोळ्यांना दिसत नाही, गुडघ्यांना कळतो. कळशाचं पाणी मलप्रभेत वळवायचं, म्हणून इथं कालवा खोदला गेला. हुबळी-धारवाडला प्यायला पाणी हवं, गोव्याला म्हादई जिवंत हवी. दोघांचंही म्हणणं खरं, त्यामुळं भांडण मिटायचं काही कारण नव्हतं. २०१० मध्ये लवाद नेमला गेला, १४ ऑगस्ट २०१८ ला त्यानं निवाडा दिला, कळशातून १.७२ आणि म्हादईच्याच भांडुरा नाल्यातून २.१८ टीएमसी पाणी कर्नाटकाला ठरवलं, २०२० साली तो राजपत्रात छापून आला. तरीही दोन्हीकडचे लोक पुन्हा न्यायालयात आहेतच. फ्रान्सच्या कालव्यातून नावा गेल्या. आमच्या कालव्यातून आजवर सर्वांत जास्त वाहतूक वकिलांची झाली, तीही दिल्लीतून परस्पर.

अशा कालव्याच्या आसपास हँडलवर लुकलुकणारं यंत्र लावून हळूहळू जाणं हे धाडसाचं काम आहे. ओढ्यापाशी थांबून मी यंत्रात चढ किती झाला ते बघत होतो, तर एक गृहस्थ लगबगीनं आले.

"मोजायला आलासा?"

"नाही वो. सायकल चालवायला."

"मग ते काय बघायलासा?"

"किती किलोमीटर झाले ते."

"म्हंजे मोजायलासाच की." त्यांनी आवाज खाली आणला. "गोव्याकडनं काय धारवाडकडनं?"

"बेळगावचा आहे."

यावर प्रकरण मिटायला हवं होतं. पण त्यांनी डोळे बारीक केले आणि विचारलं, "म्हंजे कुणाकडनं?" आता बेळगाव कुणाकडं, याचाच दावा महाराष्ट्रानं २००४ साली सर्वोच्च न्यायालयात लावलेला आहे. तो निकाली निघेपर्यंत या प्रश्नाचं सायकलवर बसून उत्तर देणं न्यायालयाचा अवमान ठरला असता. मी पाण्याची बाटली पुढं केली. त्यांनी एक घोट घेतला, आणि पाणीवाटपाचा तेवढा एक प्रश्न त्या परिसरात सामोपचारानं सुटला.

ज्याला पाण्यानं भरलेला कालवाच हवा असेल त्यानं उलट्या दिशेला, पूर्वेला जावं. घटप्रभेवर धुपदाळला बंधारा बांधून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांनी गोकाकचा कालवा काढला. त्या मुलखात जमीन सपाट, ऊस उंच आणि माती काळी. कालव्याकाठचा रस्ता पाटबंधारेवाल्यांच्या जीपसाठी केलेला, त्यामुळं घोड्यांच्या वाटेची शान त्याला नाही, पण चढ-उतार जवळजवळ शून्य. पाणी वाहण्याइतका उतार इंजिनिअरनं ठेवलेला असतो, तोच आपल्याला मिळतो. मात्र दर थोड्या अंतरावर उपशाचे पाइप रस्त्यावर आडवे टाकलेले. पाइप आला की उतरायचं, सायकल उचलायची, पलीकडं ठेवायची, बसायचं, की पुढचा पाइप. अशा वेळी स्टँड, कॅरेज, मडगार्ड नसल्यामुळं वाचलेलं वजन खरंच कामाला येतं, आणि आबांना फोन करून सांगावंसं वाटतं.

पण काळ्या मातीवर पावसाचे चार थेंब पडलेले असतील तर तिकडं फिरकू नये. जांबोटीची लाल माती फक्त रंगवते. काळी माती पकडते. टायर आणि फ्रेमच्या फटीत ती भरत जाते, चाक फिरायचं थांबतं, आणि दीड लाखाची सायकल खांद्यावर घेऊन मालक कालव्याकाठानं चालू लागतो. कपडे धुणाऱ्या बायका हात थांबवून बघतात. त्यातली एखादी कन्नडमध्ये काही तरी म्हणते आणि बाकीच्या हसतात. कन्नड चांगलं येतं म्हणून आयुष्यात फार ठिकाणी फायदा झाला. तिथं तेवढा समजल्याचा तोटा झाला. सुदैवानं गोकाक जवळ असतं. तिथल्या करदंटाचे दोन तुकडे पोटात गेले की डिंक, सुकामेवा आणि गूळ मिळून माणसाचा स्वाभिमान बराचसा पूर्ववत करतात. जोडीला धबधबा आहे, ज्याच्या पाण्यावर १८८७ सालीच वीज तयार झाली होती. कालवा, सूतगिरणी, वीज सगळं इंग्रजांनी त्या टापूत आणलं. लाटा घेणारी, पावसानं भिजून चिंब होणारी पश्चिम बाजू त्यांनी शिकारीसाठी ठेवली असावी.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गटाच्या व्हॉट्सअॅपवर एक फोटो आला आणि सुतकी कळा पसरली. जांबोटीकडची आमची सर्वांत लाडकी वाट, जिच्यासाठी पुण्याहून माणसं सायकली मोटारीवर बांधून आली होती, तिच्यावर डांबर पडत होतं. एकानं रडक्या चेहऱ्याच्या रांगा पाठवल्या. एकानं 'सरकारला निसर्गाची कदर नाही' असं लिहिलं. तो त्याआधीच्या महिन्यात आपल्या गल्लीतल्या खड्ड्यांचे फोटो महापालिकेला पाठवत होता. आम्ही दोघं-तिघं त्या रविवारी शेवटचं दर्शन घ्यायला गेलो.

गावात जणू दिवाळी होती. पोरं गरम डांबरावरून चपला चिकटवत पळत होती आणि मार खात होती. भाऱ्यावाल्या आज्जी दारात खुर्ची टाकून, तिकीट काढून नाटक बघावं तशा रोलरकडं बघत होत्या. मी हात जोडले. त्यांनी ओळखलं.

"आला गं बाई सायकलवाला," त्या आत बघून म्हणाल्या, आणि मग माझ्याकडं वळून, "आता चांगला झाला न्हवं?"

"झाला की आज्जी."

आमचे चेहरे बघून रोलरशेजारी उभा असलेला मुकादम जवळ आला. काय झालं म्हणून त्यानं चौकशी केली. माझ्या मित्रानं त्याला सगळं सांगितलं: ग्रॅव्हल, कॅन्सस, चाळीस एमएमचा टायर, ही वाट आता गेल्याचं दुःख. मुकादमानं मन लावून ऐकलं. मग त्यानं टाचेनं नव्या डांबराची कड जराशी दाबून बघितली, आभाळाकडं एक नजर टाकली आणि मित्राच्या खांद्यावर हात ठेवला.

"दोन पावसाळे दम काढा की सर," तो म्हणाला. "तुमची खडी कुठं जात न्हाई. खालीच हाय."